मूळ आडनावच माहीत नसेल तर अमेरिकेत आलेले ज्यू पूर्वज शोधायचे कसे?

पाचवी_पिढी

नवऱ्याचे पणजोबा झारच्या रशियातून न्यूयॉर्कला आले. घरच्यांची नावं इथे उघड लिहीत नाही, पण अमेरिकेतलं आडनाव अगदी सर्रास सापडणारं आहे, एका रंगाचं इंग्रजी नाव. पहिलं नाव मॉरिस. घरात पिढ्यान् पिढ्या एकच ऐकलंय, "एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आडनाव बदललं." (एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांना तपासण्याचं बेट.) मूळचं आडनाव कोणालाच आठवत नाही.

हाती आहे ते एवढं: 1920 च्या जनगणनेत कुटुंब ब्रुकलिनला, येण्याचं साल 1909, नागरिकत्व 1916, जन्मस्थान नुसतं "रशिया", धंदा शिंपीकाम. बायको आणि दोन मुलं मागून आली. निधन 1938, कबर क्वीन्समधल्या माउंट हेब्रन स्मशानभूमीत. प्रवासी याद्यांमध्ये या आडनावाने हवा तो माणूस मिळत नाही. सुरुवात कुठून करायची?

कागदपत्री

ताई, पहिल्यांदा ती कारकुनाची गोष्ट बाजूला ठेवा. तिच्यामुळे शोध चुकीच्या दिशेला जातो. एलिस आयलंडवर कोणाचं नाव लिहून घेतच नव्हते. प्रवासी यादी निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीचे लोक तयार करायचे: हॅम्बुर्ग, ब्रेमेन, रॉटरडॅम, अँटवर्प, लिबाउ. न्यूयॉर्कचा निरीक्षक ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा आणि खुणा करायचा, मदतीला यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणारे दुभाषे असायचे. म्हणजे यादीत नाव आहे ते मूळचंच, फार तर जर्मन किंवा पोलिश वळणाच्या स्पेलिंगमध्ये. आडनाव नंतर बदललं, नोकरीत, शाळेत, दुकानाच्या पाटीवर. त्या काळी त्यासाठी कोर्टात जाणंही सक्तीचं नव्हतं, नवं नाव वापरायला लागलं की झालं.

म्हणून अमेरिकन आडनावाने यादी शोधून उपयोग नाही. जिथे एकाच माणसाची दोन्ही नावं जोडली गेली आहेत असा कागद लागेल. तुमच्या बाबतीत तो आहे नागरिकत्वाचा अर्ज.

27 सप्टेंबर 1906 नंतर अमेरिकेत नागरिकत्वाचे फॉर्म देशभर एकसारखे झाले. आधी "डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन", म्हणजे नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणं, ज्याला लोक "फर्स्ट पेपर्स" म्हणत. किमान दोन वर्षांनी आणि सात वर्षांच्या आत "पिटिशन", म्हणजे मुख्य अर्ज. पिटिशनच्या आधी अमेरिकेत पाच वर्षांचं वास्तव्य लागायचं. 1909 ला आलेला माणूस 1916 ला नागरिक होतो, हे गणित नीट जुळतंय. पिटिशनमध्ये जन्मगाव, जन्मतारीख, निघण्याचं बंदर, जहाजाचं नाव, पोचण्याची तारीख, बायकोचं आणि प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव असतं. इतकी माहिती दुसऱ्या कुठल्याच एका कागदावर नाही.

त्याहून मोलाचा आहे सोबतचा "सर्टिफिकेट ऑफ अरायव्हल". 29 जून 1906 नंतर आलेल्या प्रत्येकाला तो लागायचा. अर्जदाराने सांगितलेल्या जहाज-तारखेवरून सरकारी कारकून जुनी यादी काढून त्यात तो माणूस शोधायचा आणि *यादीतलं* नाव दाखल्यावर लिहायचा. पिटिशन अमेरिकन नावाने असलं तरी दाखल्यावर जुनं नाव सापडू शकतं. मायक्रोफिल्म करताना काही ठिकाणी तो दाखला सुटलाय, तेव्हा अर्जाच्या पुढच्या-मागच्या सगळ्या प्रतिमा उघडून पाहा. पिटिशनची मागची बाजूही पाहा. कोर्टाने नागरिकत्व देतानाच नाव बदलायला परवानगी दिली असेल तर तो आदेश तिथे असतो.

पाचवी_पिढी

बापरे, हे माहीतच नव्हतं. पण अर्ज कुठल्या कोर्टात केला हे कसं कळणार? आणि या नावाचे तर डझनावारी लोक निघतील.

कागदपत्री

ब्रुकलिनच्या माणसासाठी आधी दोन जागा: फेडरल कोर्टाचं ईस्टर्न डिस्ट्रिक्ट आणि किंग्ज काउंटीचं (म्हणजे ब्रुकलिनचंच) राज्य न्यायालय. ईस्टर्न डिस्ट्रिक्टच्या अर्जांची कार्डसूची 1957 पर्यंतची आहे. फॅमिलीसर्च आणि अँसेस्ट्री या वंशावळीच्या दोन्ही संकेतस्थळांवर बघा. तिथे नसेल तर मॅनहॅटनचं सदर्न डिस्ट्रिक्ट, कारण कामाच्या जागेजवळच्या कोर्टात जाणारे पुष्कळ होते.

नावं डझनभर निघणारच. कार्डावरचा पत्ता 1910 आणि 1920 च्या जनगणनेतल्या आणि 1915 च्या न्यूयॉर्क राज्य जनगणनेतल्या पत्त्याशी ताडा. मग धंदा. मग मुलांची नावं आणि वयं. नुसत्या नावावर आणि वयावर माणूस ठरवू नका. वय तर पाच-पाच वर्षांनी इकडेतिकडे होतं.

कोर्टाची प्रत मिळालीच नाही तर दुसरी वाट आहे. सप्टेंबर 1906 पासून मार्च 1956 पर्यंतच्या प्रत्येक नागरिकत्वाची एक प्रत वॉशिंग्टनला जायची, तिला सी-फाइल म्हणतात. यूएससीआयएस या अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या वंशावळ विभागाकडे पैसे भरून ती मागवता येते. आधी सूचीत शोध, मग फाइल. मात्र कोर्टाच्या कागदावर प्रमाणपत्राचा क्रमांक मिळाला असेल तर सूची-शोधाचे पैसे वाचतात, थेट फाइल मागा. उत्तर यायला महिने जातात, म्हणून बाकीचं काम थांबवू नका.

एक इशारा. पणजीच्या नावाने अर्ज शोधत बसू नका. 22 सप्टेंबर 1922 पर्यंत नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक व्हायची, आणि अल्पवयीन मुलं बापाबरोबर. 1916 मध्ये तिचा वेगळा अर्ज असणारच नाही.

दगडावरची_अक्षरं

कबर माउंट हेब्रनला आहे म्हणताय, तर दगडाचा स्पष्ट फोटो मिळवा. आडनाव इंग्रजीत नवं असेल, पण हिब्रू ओळींमध्ये आडनाव बहुधा नसतंच. तिथे असतं "अमुक बेन तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. बाईच्या दगडावर "बत". *बापाचं हिब्रू नाव* मिळतं आणि तेच पुढे सगळीकडे चाचणीला लागतं.

वाचायचा क्रम असा. वर "पे-नून" ही दोन अक्षरं: "इथे दफन". मग नाव, "बेन", बापाचं नाव. बापाच्या नावापुढे "हाकोहेन" किंवा दगडावर पसरलेल्या दोन हातांचं चित्र असेल तर कुटुंब कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातलं. "हालेवी" किंवा पाण्याची सुरई असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनिसांच्या घराण्यातलं. दोन्ही बापाकडून मुलाला जातं, त्यामुळे चुकीचे उमेदवार झटकन गळतात. तळाला पाच अक्षरांचा ठरलेला आशीर्वाद असतो, तो सोडून द्या.

सालाचं गणित: हिब्रू साल हजाराशिवाय तीन आकडी लिहितात. 1938 च्या कबरीवर ताव, रेश, त्सादी, खेत असेल, म्हणजे 400 + 200 + 90 + 8 = 698. त्यात 1240 मिळवा, 1938. मृत्यू हिब्रू नववर्षानंतर आणि 31 डिसेंबरच्या आत असेल तर 1239 मिळवायचे. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे दाखल्यातली तारीख आणि दगडावरची तारीख यात एका दिवसाचा फरक दिसला तर घाबरू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. न्यूयॉर्कच्या ज्यू स्मशानभूम्यांमध्ये मोठमोठे भाग संस्थांनी विकत घेतलेले असत. एकाच गावातून आलेल्या लोकांनी काढलेल्या या मदतमंडळांना "लँड्समनशाफ्ट" म्हणतात. कबर कुठल्या मंडळाच्या भागात आहे हे स्मशानभूमीच्या कार्यालयाला विचारा. मंडळाच्या नावात बहुतेक वेळा गावाचं नाव असतं, आणि "रशिया" एवढ्यावर अडलेलं घोडं तिथून पुढे निघतं. फक्त एक लक्षात ठेवा, कबर बायकोच्या माहेरच्या गावाच्या मंडळात असू शकते, किंवा गावाशी संबंध नसलेल्या कामगार संघटनेच्या भागातही. अमेरिकेत वारलेल्या भावांच्या आणि बहिणींच्या कबरी त्याच मंडळात निघाल्या, तरच गाव पक्कं धरा.

शिवण_टाका

शिंपी होते आणि 1938 ला वारले. मग ते कारखान्यात नोकरीला होते का स्वतःचं दुकान होतं ते आधी बघा. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे अर्ज 1936 च्या अखेरीस सुरू झाले आणि पगारी कामगारांनाच लागू होते. दुकानदाराला त्या काळात नंबर मिळायचा नाही. कामगार असतील तर एसएस-5 नावाचा अर्ज असेल आणि त्यावर बापाचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव, तेही स्वतः माणसाने सांगितलेलं.

मृत्यूचा दाखलाही काढा. न्यूयॉर्क शहराच्या म्युनिसिपल आर्काइव्हजने 2022 पासून जुने जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले ऑनलाइन फुकट ठेवले आहेत, 1938 त्यात येतं. पण मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणारा मेलेला माणूस नसतो, त्याचा मुलगा किंवा जावई असतो. त्याला रशियातल्या आजोबांचं नाव धड माहीत नसतं आणि तो आजोबांनाही अमेरिकन आडनावच चिकटवतो. म्हणून लग्नाचा दाखला जास्त भरवशाचा, तिथे नवरा-नवरी स्वतः बोलतात. पणजोबांचं लग्न रशियात झालं असेल, तर त्यांच्या न्यूयॉर्कला लग्न झालेल्या भावा-बहिणीचा दाखला शोधा. बहिणीच्या दाखल्यावर "नवरीचं माहेरचं नाव" या रकान्यात तुमचं हरवलेलं आडनाव अनेकदा जसंच्या तसं उभं असतं. बहिणीला आडनाव बदलायची गरजच पडलेली नसते.

सैन्यभरतीची कार्डंही आहेत, पण कुठलं कार्ड ते बघून घ्या. 5 जून 1917 च्या नोंदणीत जन्मगाव विचारलंय, पण ती 21 ते 30 वयाची. 12 सप्टेंबर 1918 ची 18 ते 45 वयाची, तिच्यात जन्मगावाचा रकानाच नाही. एप्रिल 1942 ची वयस्कांची नोंदणी, म्हणजे 28 एप्रिल 1877 ते 16 फेब्रुवारी 1897 दरम्यान जन्मलेल्यांची, तिच्यात जन्मस्थान आहे. पणजोबा त्याआधी गेले, पण भाऊ हयात असेल तर त्याचं कार्ड काढा.

गोल्ड_फॉर्म

नागरिकत्वाचे कागद येईपर्यंत बायको-मुलांच्या प्रवासावर काम करा. एकट्या पुरुषापेक्षा आई आणि दोन मुलं हा त्रिकोण यादीत सापडायला फार सोपा.

स्टीव्ह मॉर्स यांच्या "वन-स्टेप" संकेतस्थळावर एलिस आयलंडच्या याद्यांसाठी गोल्ड फॉर्म आहे. तिथे आडनावावर अडून न बसता पहिलं नाव, वय, वंश, गाव, सोबतचे प्रवासी अशा चाळण्या लावता येतात. 1899 पासून यादीत "हिब्रू" असा वंशाचा रकाना आहे, तो लावा. साल 1909 ते 1914. ऑगस्ट 1914 ला महायुद्ध सुरू झाल्यावर ती वाट जवळपास बंद झाली, तेव्हा 1920 च्या जनगणनेत मुलं अमेरिकेत दिसत असतील तर त्याआधीच आली.

नावं मात्र यिडिशमध्ये टाका. अमेरिकेतला मॉरिस बहुधा मोशे किंवा मॉर्डखाय, यादीत मोइशे, मोवशा, मॉर्टखे. हॅरी म्हणजे अनेकदा हिर्श किंवा हेर्श. आयडा म्हणजे खाया, फॅनी म्हणजे फेगे, जेनी म्हणजे शाइन्डल असू शकते. हा पक्का नियम नव्हे, बहुतेक वेळा नुसतं पहिलं अक्षर सांभाळलेलं असतं. शिवाय हिब्रू-यिडिश जोडनावं असतात: त्स्वी हिर्श, डोव बेर, आर्ये लेब, झेव वोल्फ. दगडावर "त्स्वी" आणि यादीत "हिर्श" दिसला तर तो एकच माणूस असू शकतो.

सापडलेल्या यादीचं *दुसरं पान* उघडायला विसरू नका. 1907 पासून यादी दोन पानांवर पसरलेली, 29 रकान्यांची आहे. पहिल्या पानाच्या टोकाला मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, दुसऱ्या पानावर अमेरिकेत कोणाकडे चाललात त्याचं नाव आणि रस्त्यासकट पत्ता, आणि जन्मगाव. शोधयंत्र एकच प्रतिमा दाखवतं, लोक तिथेच थांबतात.

आणखी एक. एकट्या बाईला मुलांसकट बेटाबाहेर सोडत नसत, नवरा येईपर्यंत किंवा तार येईपर्यंत थांबवून ठेवत. नावाच्या डावीकडे फुली असेल तर ती थांबवलेल्यांपैकी. मग त्याच जहाजाच्या फाइलच्या शेवटी जा, तिथे थांबवलेल्या प्रवाशांची वेगळी यादी असते, आणि तीत नवऱ्याचं नाव आणि ब्रुकलिनचा पत्ता. हा पत्ता आणि 1910 च्या जनगणनेतला पत्ता जुळला की जुनं आणि नवं आडनाव एकत्र आलं. मूळ आडनावाच्या शोधात यापेक्षा घट्ट पुरावा क्वचितच मिळतो.

जुनी_दप्तरं

यादीत आडनाव मिळालं तरी स्पेलिंगवर विसंबू नका. रशियन लिपीत "ह" नाही, तिथे "ग" येतो. होरोविट्झ रशियन दप्तरात गुरविच, हॉफमन गोफमन. जर्मन कारकून "व" साठी डब्ल्यू लिहितो, पोलिश कारकून "श" साठी एस-झेड. यासाठी 1985 मध्ये रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी पूर्व युरोपीय ज्यू नावांसाठी ध्वनी-संकेत बनवला. उच्चाराला सहा आकडे. मॉस्कोविट्झ डब्ल्यूने लिहा की व्हीने, संकेत 645740 च. ज्यूइशजेन, जे-आर-आय पोलंड या ज्यू वंशावळीच्या संकेतस्थळांच्या शोधात हा पर्याय असतो, तो निवडा.

गावाचंही तेच. "मिन्स्क" किंवा "विल्ना" म्हटलं तर शहरच असेल असं नाही, त्या नावाचा अख्खा प्रांतही होता. यिडिश नावं वेगळी, ब्रेस्ट-लिटोव्स्कला ब्रिस्क म्हणायचे, ल्विव्हला लेंबर्ग. ज्यूइशजेनचा टाउन फाइंडर ही सगळी नावं धरतो.

रशियात ज्यूंना आडनावं 1804 च्या कायद्याने लागली, काँग्रेस पोलंडमध्ये (झारच्या ताब्यातला पोलंड) 1821 ला, ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) 1787-88 ला. म्हणजे पणजोबांच्या पणजोबांच्या पलीकडे आडनाव बहुधा नसतंच, तिथून पुढे बापाच्या नावानेच चालायचं. दगडावरचं "बेन तमुक" तेव्हा पुन्हा कामाला येतं.

लेंबर्ग_लाइन

गॅलिशियाचं नाव निघालंच आहे तर एक खास भानगड सांगते, कारण ती न कळल्यामुळे लोक बरोबर माणूस सापडूनही त्याला सोडून देतात. तिथे ज्यूंची लग्नं धार्मिक विधीने व्हायची, पण सरकारदरबारी नोंदवली जात नसत. सरकारच्या लेखी मूल अनौरस, म्हणून जन्मनोंदीत आईचं आडनाव. घरात मात्र बापाचं. एकच माणूस कागदोपत्री दोन आडनावांनी, आणि कारकून मध्ये "रेक्टे" किंवा "फाल्स" असा लॅटिन शब्द टाकतो. "क्ष रेक्टे य" म्हणजे कायद्याने बरोबर नाव य. प्रवासी यादीत क्ष, गावच्या नोंदीत य, असं झालं तर निराश होऊ नका, आईचं माहेर शोधा. गेशर गॅलिशिया या वंशावळ संस्थेच्या सूचींमध्ये दोन्ही नावं टाकून बघा.

पाचवी_पिढी, तुमचं कुटुंब रशियन साम्राज्यातलं, तुम्हाला हे बहुधा लागणार नाही. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

पाचवी_पिढी

खूप मोलाची माहिती. डीएनए चाचणीने हे सगळं टळेल का? घरात तसा आग्रह आहे.

गोल्ड_फॉर्म

टळणार नाही, पण शेवटी पडताळणीला उपयोगी. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये शतकानुशतकं आपापसात लग्नं झाली, त्यामुळे हजारो "चौथे चुलतभाऊ" दिसतात आणि बहुतेक प्रत्यक्षात फार दूरचे निघतात. एकूण बेरीज बघू नका, जुळणाऱ्या डीएनएचा सर्वांत लांब तुकडा बघा. तो 20-30 सेंटीमॉर्गनच्या (हे डीएनएची लांबी मोजायचं एकक) वर असेल तरच वेळ घाला. पुरुष वंशाची वाय-चाचणी बापाकडच्या थेट वंशासाठी ठीक, पण आडनावं दोनशे वर्षांचीच असल्याने जुळणाऱ्या माणसाचं आडनाव वेगळंच असणं अगदी साहजिक.

अलिबाग_किनारा

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना यातलं काय लागू पडतं? कोकणातून मुंबईला, मग इस्रायलला गेलेल्यांमध्येही आडनाव गळालेलं असतं.

जुनी_दप्तरं

तत्त्व तेच, कागद वेगळे. आपल्याकडे आडनाव म्हणजे गाव: केहिमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, वाकरूळकर. म्हणजे आडनाव सापडलं की गाव हातात येतं, अमेरिकेतल्या शोधकाला जे शेवटी मिळतं ते इथे एकदमच मिळतं. पण इंग्रजी दप्तरात, विशेषतः पलटणीच्या कागदांत, आडनावाऐवजी बापाचं नाव लागतं आणि गाव गळतं. त्यातच बायबलमधली नावं मराठी वळणाने येतात: अब्राहमचा अबाजी, इसाकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, एलियाचा एलोजी. 1796 मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधणारे कंपनीच्या सैन्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच. म्हणून शोधताना दोन्ही रूपं घ्या, आणि कबरीवरचं हिब्रू "बेन" मराठी ओळीशी ताडा. इस्रायलला गेल्यावर बदललेल्या नावांसाठी तिथल्या वंशावळ संस्थेची, इग्राची, नावबदलाची सूची बघा. ब्रिटिश काळात ती नावं "पॅलेस्टाइन गॅझेट"मध्ये छापली जात.

कागदपत्री

पाचवी_पिढी, पणजोबांचं नाव न्यूयॉर्कच्या यादीत मूळ आडनावानेही नाही निघालं, तर दोन ठिकाणं उरतात. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या याद्या 1850 ते 1934 पर्यंतच्या शिल्लक आहेत. त्यात थेट जाणाऱ्यांची आणि इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांची यादी वेगवेगळी, दोन्ही बघा. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र नष्ट झाल्या. दुसरं, कॅनडामार्गे आलेल्यांची सीमेवरची नोंद 1895 पासून सेंट ऑल्बन्स याद्यांमध्ये मिळते, आणि "न्यूयॉर्कला उतरलो" असं अर्जात सांगणारेही त्यात सापडतात. पिटिशनमध्ये जहाजाचं नाव आलं की इथे टाका, कुठल्या याद्या उघडायच्या ते त्यावरून ठरवता येईल.